न पडलेल्या बाँबचा इतिहास

युद्धाचा इतिहास लिहिणारे बहुधा प्रहार करणाऱ्याचा इतिहास लिहितात. कोणती सेना कोठून निघाली, कोणत्या नदीवर अडली आणि कोणत्या सेनापतीच्या चुकीमुळे मागे फिरली, हे सांगण्यास त्यांची लेखणी सदैव उत्सुक असते. परंतु ज्याच्या हाती शस्त्र नाही, वाळूची बादली, शिट्टी आणि हातपंप एवढीच ज्याची सामग्री, आणि रात्रभर जागून सकाळी ‘काही झाले नाही’ असे वहीत लिहिणे हेच ज्याचे यश, त्या माणसाचा इतिहास कसा लिहावा, हा प्रश्न फार थोड्यांनी गंभीरपणे विचारला आहे. हवाई हल्ल्यापासून नागरिकांचे रक्षण करण्यासाठी निघालेल्या संस्थांविषयी जे लेखन झाले आहे, त्याची परीक्षा या एका प्रश्नाच्या अनुरोधाने करावी, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

निमित्त अगदी जवळचे आहे. ७ मे २०२५ रोजी देशातील २४४ नागरी संरक्षण जिल्ह्यांत सराव करण्याचा आदेश केंद्रीय गृहमंत्रालयाने दिला. त्याच दिवशी मध्यरात्र उलटल्यावर भारतीय सैन्याने सीमेपलीकडे हल्ले केले होते. महाराष्ट्रात ज्या सोळा ठिकाणी हा सराव ठरला, त्यांत छत्रपती संभाजीनगरचे नाव होते. आमचे हे नगर समुद्रापासून दूर. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तर ते निजामाच्या राज्यात होते. भोंगा, अंधारबंदी, खिडक्यांना चिकटवलेले काळे कागद हे शब्द येथील पुष्कळ घरांत आजोबांच्या गोष्टींतूनच काय ते ऐकलेले. तेव्हा ‘हे सारे कशासाठी?’ असे कोणी विचारले, तर त्यात उद्धटपणा मानण्याचे कारण नाही. ज्या संस्थेचा इतिहास आपणांस ठाऊक नाही, तिच्या शिस्तीवर विश्वास तरी कसा बसावा?

या विषयावरील जुने ग्रंथ इंग्लंडचे आहेत, कारण संस्था म्हणून या कल्पनेला आकार आला तो तेथेच. त्यांपैकी टेरेन्स ओब्रायन यांचा ‘सिव्हिल डिफेन्स’ हा १९५५ साली निघालेला ग्रंथ ब्रिटिश सरकारच्या अधिकृत युद्धेतिहासमालेतला आहे. १९२४ साली नेमलेल्या समितीपासून आरंभ करून १९३७ चा कायदा, वॉर्डनांच्या दलाची स्थापना, आश्रयस्थानांचे वाद, अग्निशामक दलांची पुनर्रचना हे सर्व त्यात क्रमाने येते. माहितीसाठी या ग्रंथावाचून गत्यंतर नाही. परंतु त्याची दृष्टी कचेरीच्या खिडकीतून शहराकडे पाहणाऱ्याची आहे. परिपत्रक केव्हा निघाले हे त्यात बिनचूक कळते. ते हाती पडल्यावर एखाद्या गल्लीतल्या माणसाने काय केले, हे मात्र क्वचितच कळते.

त्याच्या पाच वर्षे आधी, १९५० साली, त्याच मालेत रिचर्ड टिटमस यांचा ‘प्रॉब्लेम्स ऑफ सोशल पॉलिसी’ हा ग्रंथ निघाला होता. नाव रुक्ष आहे. आतील मजकूर मात्र विलक्षण. युद्धापूर्वी तज्ज्ञांनी जी भाकिते केली होती ती टिटमस प्रथम शांतपणे मांडतात. साठ दिवसांच्या हल्ल्यात ६,००,००० माणसे मरतील आणि त्याच्या दुप्पट जखमी होतील, असा हिशेब करण्यात आला होता. शरीराने जखमी होणाऱ्यांपेक्षा मनाने खचणाऱ्यांची संख्या कितीतरी अधिक भरेल, असेही मानसोपचारतज्ज्ञांनी बजावले होते. म्हणून इस्पितळांतील खाटा राखून ठेवण्यात आल्या, शवपेट्यांचा हिशेब झाला, लोक भयाने सैरावैरा धावू लागल्यास त्यांना आवरण्याचा विचार झाला. प्रत्यक्षात संपूर्ण युद्धात हवाई हल्ल्यांनी ब्रिटनमध्ये मेलेल्या नागरिकांची संख्या सुमारे ६०,००० होती. हा आकडा लहान नव्हे. परंतु भाकिताच्या मानाने फारच कमी. वेडाची साथ तर आलीच नाही. ज्यासाठी तयारी केली नव्हती ते मात्र घडले: माणसे जगली आणि त्यांची घरे पडली. त्यांना ऊन जेवण, कोरडे पांघरूण, हरवलेले रेशनचे पुस्तक आणि आज रात्री कोठे निजावे याचे उत्तर हवे होते. सरकारने मृतांची सोय केली होती. जिवंतांची करावयाची राहून गेली होती.

टिटमसच्या ग्रंथाचे मोठेपण या एका निरीक्षणात आहे, असे आम्हांस वाटते. संरक्षणसंस्था ज्या धोक्याची कल्पना करते, त्यावरून तो धोका तर कळतोच. पण त्याहून अधिक कळते ते हे की, ती संस्था आपल्या लोकांना काय समजते. लंडनच्या भुयारी रेल्वेचे उदाहरण प्रसिद्धच आहे. एकदा माणसे खाली उतरली म्हणजे ती पुन्हा वर येणार नाहीत, या समजुतीने सरकारने स्थानकांचा आश्रयासाठी उपयोग करण्यास मनाई केली होती. सप्टेंबर १९४० मध्ये बाँब पडू लागले तेव्हा लोकांनी तिकिटे काढली, खाली गेले आणि तेथेच रात्र काढली. सरकारला नमावे लागले. आणि सकाळ होताच ती माणसे वर येऊन आपापल्या कामावर गेली.

पुढील काळात या चित्रावर आक्षेप घेण्यात आले, तेही योग्यच होते. अँगस काल्डर यांनी १९६९ साली ‘द पीपल्स वॉर’ लिहून त्या दिवसांतील वर्गभेद, लूट आणि कुरबुरी पुढे आणल्या. १९९१ साली ‘द मिथ ऑफ द ब्लिट्झ’ या ग्रंथात तर एकजुटीची ती कथा कशी रचली गेली, याचीच त्यांनी चिकित्सा केली. टिटमसना संकटात समाज एकवटताना दिसला तो काहीसा त्यांच्या इच्छेमुळे, हे मान्य करावे लागेल. तथापि त्यांनी दिलेली कसोटी त्यामुळे खोटी ठरत नाही. उलट, ती आपल्या देशाच्या इतिहासाला लावून पाहिली म्हणजे तिची धार अधिकच जाणवते.

हिंदुस्थानात नागरी संरक्षणाचे स्वतंत्र खाते निर्माण झाले ते १९४१ साली, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचा विस्तार झाला तेव्हा. ते खाते प्रथम मध्यप्रांताचे ई. राघवेंद्र राव यांच्याकडे आले. ‘ए. आर. पी.’ ही तीन अक्षरे तोवर मुंबईसारख्या शहरांत लोकांच्या तोंडी बसली होती. भोंगा चढ-उताराने ओरडला म्हणजे धोका, एका सुरात वाजला म्हणजे धोका टळला, इतके लहान मुलांसही ठाऊक झाले. पेटते बाँब पडल्यास काय करावे, जखमी माणसास कसे उचलावे, निरोप कसा लिहावा, हे शिकविण्यात येऊ लागले. यंत्र उभे राहिले. प्रश्न होता तो यंत्रात जीव कोणी घालावयाचा हा.

२३ डिसेंबर १९४१ रोजी रंगूनवर जपानी विमाने आली. पुष्कळ लोक ती पाहावयास रस्त्यात येऊन उभे राहिले आणि उघड्यावरच मेले. त्यानंतर ब्रह्मदेशातून जे लाखो हिंदी लोक पायी निघाले, त्यांनी येताना एक बातमी बरोबर आणली: संकटकाळी गोऱ्यांची वाट निराळी असते आणि काळ्यांची निराळी. ६ एप्रिल १९४२ रोजी विशाखापट्टण आणि काकिनाडा येथे बाँब पडले. जपानी आरमार येत असल्याच्या वार्तेने मद्रास शहर रिकामे होऊ लागले, सरकारी कचेऱ्याही आतल्या भागात हलल्या, प्राणिसंग्रहालयातील हिंस्र श्वापदे गोळ्या घालून मारण्यात आली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात कलकत्त्यावर बाँब पडले आणि तेथूनही माणसांचे लोंढे निघाले.

या घटनांवर इंदिवर कामतेकर यांनी २००२ साली ‘द शिव्हर ऑफ १९४२’ हा निबंध प्रसिद्ध केला. आमच्या मते या विषयावरील हिंदी लेखनात त्याचे स्थान वरचे आहे. सामर्थ्याचा आव आणणारे सरकार आतून किती भेदरलेले होते आणि ते भेदरलेपण प्रजेच्या नजरेतून कसे सुटले नाही, हे त्यांनी उत्तम दाखविले आहे. आमचे म्हणणे इतकेच की, त्या वर्षाच्या कंपाची गोष्ट सांगताना लोकांच्या पळण्याकडे आपण सारेच जरा घाईने पाहतो. ज्या शहरात पक्के आश्रयस्थान नाही, जेथे मजूर भाड्याच्या खोलीत दहाजणांबरोबर निजतो आणि ज्याचे घर शेकडो मैलांवरच्या खेड्यात आहे, त्याने गाडी पकडून गावी जाणे याला भय म्हणावे की शहाणपण? इंग्लंडने आपली मुले सरकारी खर्चाने खेड्यांत धाडली तेव्हा त्यास योजना म्हटले गेले; आमच्या लोकांनी आपली मुले स्वतःच्या खर्चाने नेली तेव्हा त्यास पळापळ म्हटले गेले. शब्दांचा हा पक्षपात इतिहासकाराने तरी करू नये.

दुसरी अडचण अधिक नाजूक होती. गल्लीतील चार माणसे ज्याचे ऐकतात, तो वॉर्डन उत्तम. परंतु १९४२ साली अशी माणसे बहुधा देशाच्या चळवळीत होती. काँग्रेसने वर्षाच्या आरंभी स्वयंसेवक उभारून स्वसंरक्षणाचा कार्यक्रम आपल्या लोकांपुढे ठेवला होता. ऑगस्टमध्ये तिचे पुढारी तुरुंगात गेले. मग जो तरुण ए. आर. पी.चे शिरस्त्राण घाली, त्याच्याकडे ‘सरकारचा माणूस’ म्हणून पाहिले जाऊ लागले. वास्तविक तो आपल्याच आळीतील म्हाताऱ्याकोताऱ्यांना जिन्याखाली नेऊन बसविण्याचे काम करीत होता. परक्या सरकारच्या हुकमाने स्वकीयांची सेवा करावी काय, हा पेच त्याच्यासमोर रोज संध्याकाळी दिवे मालवताना उभा राहत असला पाहिजे. या माणसाचा अंतरंग इतिहास लिहिणे हे खरे तर कादंबरीकाराचे काम होय. इंग्लंडमध्ये हेन्री ग्रीन यांनी अग्निशामक दलात काम करीत असताना ‘कॉट’ ही कादंबरी लिहिली आणि ती १९४३ साली, युद्ध चालू असतानाच प्रसिद्ध झाली. तिच्यातील माणसे शूर नाहीत, भित्रीही नाहीत. ती कंटाळतात, भांडतात आणि वेळ आली म्हणजे आगीत जातात. आमच्या त्या तरुणाचा पेच याहून दुहेरी होता.

मुंबईवर जपान्यांचा एकही बाँब पडला नाही. तरीसुद्धा १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईने जे पाहिले ते कोणत्याही हवाई हल्ल्याहून कमी नव्हते. व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ नावाचे जहाज लागले होते. त्यात सुमारे १,४०० टन स्फोटके आणि दारूगोळा, शिवाय कापसाच्या गासड्या आणि सोने. दुपारी आग लक्षात आली. चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट झाला आणि त्यानंतर अर्ध्या तासाच्या आत दुसरा. सिमल्याच्या भूकंपमापकावरही त्याची नोंद झाली. अग्निशामक दलाचे ६६ जवान कामी आले. एकूण मृतांचा अंदाज ८०० पासून १,३०० पर्यंत केला जातो. सुमारे ८०,००० माणसे बेघर झाली. शत्रू आला, अशीच पुष्कळांची प्रथम समजूत झाली. तो आकाशातून येणार म्हणून ज्यांनी तयारी केली होती, त्या ए. आर. पी.च्या माणसांना आता गोदीतील आगीत, मांडवी बाजूच्या ढिगाऱ्यांत राबावे लागले.

या घटनेची कथा सांगण्याची जी पद्धत पडली आहे, तिच्याबद्दल आमची तक्रार आहे. जॉन एनिस यांनी १९५९ साली तिच्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. त्यानंतर वर्तमानपत्रांतून ती कितीदा तरी सांगितली गेली. बहुतेक वेळा कथेच्या मध्यभागी सोने असते. मैलाहून अधिक दूर असलेल्या एका पारशी गृहस्थाच्या घराचे छप्पर फोडून सोन्याची वीट खाली आली, तिने ती परत केली जाऊन मिळालेले बक्षीस पीडितांच्या निधीस गेले, ही गोष्ट सुंदर आहे आणि ती सांगावीही. परंतु सोने वर आले आणि माणसे खाली राहिली, असे या कथनाचे झाले आहे. आग दिसल्यापासून स्फोट होईपर्यंतचे सुमारे दोन तास हा या कथेचा खरा गाभा होय. त्या दोन तासांत धक्क्यावर अधिकारी पुष्कळ होते. जहाज बुडवावे की बाहेर ओढून न्यावे, हा निर्णय आपल्या शिरावर घेणारा मात्र कोणी निघाला नाही. खाली नळी धरलेल्या जवानांना आपण कशावर पाणी मारीत आहो याची पुरती कल्पना देण्यात आली होती किंवा कसे, हा प्रश्न आजही मनास बोचतो. शिक्षण होते, साहित्य होते, धैर्य तर होतेच. उणीव होती ती जबाबदारीची आणि खरे सांगण्याची.

खरे सांगण्याची उणीव स्फोटानंतरही राहिली. दुसऱ्याच दिवशी जपानच्या ताब्यातील सायगावच्या रेडिओने ही बातमी दिली. येथील सरकारने ती छापण्यास मोकळीक दिली ती मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात. अर्धे शहर ज्या आवाजाने हादरले, तो आवाज झालाच नाही असे त्या शहराला सांगणे, यापरता लोकांवरील अविश्वास कोणता?

स्वराज्य आल्यावर हा अविश्वास आपोआप गेला काय? इतिहास संमिश्र उत्तर देतो. ६ डिसेंबर १९४६ रोजी मुंबईत मोरारजी देसाई यांच्या पुढाकाराने गृहरक्षक दल निघाले. त्यापुढील धोका आकाशातला नसून रस्त्यातला, दंगलींचा होता. १९५७ साली नागपुरास आपत्तिनिवारणाचे शिक्षण देणारी केंद्रीय संस्था स्थापन झाली. महापूर, भूकंप, आग ही तिची मूळ दृष्टी. पुढे १९६२ आणि १९६५ ची युद्धे झाली, १९६८ साली नागरी संरक्षणाचा कायदा झाला, आणि त्याच वर्षी त्या संस्थेचे नाव बदलून राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय असे करण्यात आले. नावाबरोबर भरही बदलला: पुराकडून बाँबकडे. आपत्तिव्यवस्थापनाचा समावेश त्या कायद्यात पुन्हा करावयास २००९ ची दुरुस्ती यावी लागली. दरम्यान ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे आमच्याच मराठवाड्यात किल्लारीची भूमी हादरली आणि दगडमातीच्या जड घरांखाली हजारो माणसे निजल्या ठिकाणी गाडली गेली. त्या पहाटे भोंगा वाजला नाही. ढिगारा उपसावयास जे हात प्रथम लागले, ते शेजाऱ्यांचे होते. कोणीही न शिकविलेले.

याच्या उलट बाजूचे एक उदाहरण आहे आणि ते आम्हांस अत्यंत बोलके वाटते. डिसेंबर १९७१ मध्ये भूजच्या विमानतळावर बाँब पडून धावपट्टी निकामी झाली. तेथील प्रमुख विजय कर्णिक हे मराठी अधिकारी. मजूर पुरेसे नव्हते. तेव्हा जवळच्या माधापर गावातील सुमारे तीनशे स्त्रिया कामास आल्या आणि त्यांनी ७२ तासांत धावपट्टी पुन्हा उभी केली. धोक्याची सूचना होताच झुडपांत लपावे आणि ती सरताच पुन्हा काम धरावे, असा क्रम होता. त्यांना कोणी ‘घाबरू नका’ असे परिपत्रक पाठविले नव्हते. काम काय आहे, धोका काय आहे, हे सांगून ते त्यांच्या हाती सोपविले होते. टिटमसच्या कसोटीस उतरणारा याहून चांगला दाखला शोधावयास लंडनास जाण्याची गरज नाही.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो टाळणे बरे नव्हे. कोणी म्हणेल, अशा सरावांनी निष्कारण युद्धज्वर वाढतो. कोणी म्हणेल, शिस्तीच्या नावाखाली शेजाऱ्याने शेजाऱ्यावर पहारा ठेवण्याची सवय लागते. दोन्ही भये अगदीच निराधार नाहीत. खिडकीतून उजेड दिसला म्हणून ओरडणारा वॉर्डन आणि उजेडाच्या निमित्ताने घरात डोकावणारा वॉर्डन यांत अंतर थोडे असते. परंतु यावरील उपाय संस्था मोडणे हा नव्हे; ती परिचयाची करणे हा होय. वर्षातून एकदा भोंगा वाजवून ज्या संस्थेची आठवण द्यावी लागते ती भयच उत्पन्न करील. वाड्यात, चाळीत, वसाहतीत कोण एकटे राहते, कोणाला जिना उतरता येत नाही, पाणी कोठे साठविलेले आहे, हे जिला बाराही महिने ठाऊक असते, तिला ‘घाबरू नका’ असे सांगावे लागत नाही.

आमच्या नगरात या विचाराला दोन जुने साक्षी आहेत. एक तट. मराठ्यांच्या हल्ल्यांपासून रक्षण व्हावे म्हणून औरंगजेबाने १६८२ साली तो बांधविला. दुसरी नहर. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी जमिनीखालून पाणी आणून ती नगराला दिली. तट शत्रूची कल्पना करून बांधला गेला, आणि त्याचे आज दरवाजे तेवढे ठिकठिकाणी उभे आहेत, रहदारीच्या मध्ये, काहीसे एकाकी. नहर मात्र माणसांची कल्पना करून बांधली गेली: त्यांना तहान लागेल, त्यांची मुले येथेच वाढतील, असे समजून, आणि तिचे पाणी नगराने पिढ्यान् पिढ्या वापरले. तटाची गरज कधीच नव्हती असे नाही. परंतु तटाच्या आत पाणी नसेल तर तट कोणासाठी राखावयाचा?

नागरी संरक्षणाने गीतेतून आपले ब्रीद घेतले आहे. सर्व प्राण्यांच्या हितात रमणे हा त्याचा अर्थ. त्या ब्रीदाला जागणारा इतिहास लिहावयाचा असेल, तर तो किती भोंगे बसले आणि किती शिरस्त्राणे वाटली यावरून लिहिता येणार नाही. संकटाच्या आधी लोकांना खरे सांगितले काय, संकटात त्यांच्या हाती काम दिले काय, आणि संकटानंतर त्यांच्या निवाऱ्याची चिंता कोणी केली, या तीन प्रश्नांची उत्तरे त्यात असावी लागतील. मुंबईच्या गोदीत मेलेल्या त्या ६६ जणांच्या स्मरणार्थ देशभर दरवर्षी १४ एप्रिलपासून अग्निशामक सेवा सप्ताह पाळण्यात येतो. त्या सप्ताहात शाळेतील मुलांना आग विझवून दाखवितात, ते चांगलेच आहे. त्याबरोबर त्या दुपारच्या दोन तासांची हकीकतही त्यांना सांगितली, तर ती मुले पुढे कधी धक्क्यावर उभी राहतील तेव्हा तोंड उघडतील.